‘चार्ज’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ, समानार्थी शब्द आणि वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नव्या साहेबांनी चार्ज घेतला’ आणि ‘मेकॅनिकने चार्ज घेतला’ या दोन मराठी वाक्यांत कर्ता सोडून काहीही बदललेले नाही. तरीही पहिल्याचे इंग्रजी ‘टुक चार्ज’ होते आणि दुसऱ्याचे नुसते ‘चार्ज्ड’. या शब्दाबद्दल येणारे बहुतेक प्रश्न अशाच जागी अडलेले असतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अपवाद आणि अवघड वापर पुढे येतात.

१. ‘चार्ज’चे नेमके किती अर्थ आहेत? सगळे पाठ करावे लागतील का?

मोठ्या शब्दकोशात नाम आणि क्रियापद मिळून या शब्दाच्या नोंदी पानभर पसरलेल्या दिसतात. रोजच्या वाचनात मात्र पाचच अर्थ सतत भेटतात: पैसे आकारणे, आरोप ठेवणे, जबाबदारी, विजेने भरणे आणि अंगावर धावून जाणे.

हे अर्थ सुटे सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांचे मूळ एकदा समजून घ्यावे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे गाडीवर माल लादणे, आणि त्याच्या मुळाशी असलेला ‘कारुस’ म्हणजे गाडी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ओझे, भार असाच होता. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ त्याच कुळातले. ‘कॅरिकेचर’ही त्यातलाच, कारण व्यंगचित्रात चेहऱ्याचे एखादे वैशिष्ट्य प्रमाणाबाहेर ‘लादलेले’ असते.

ग्राहकावर रकमेचा भार, संशयितावर गुन्ह्याचा भार, अधिकाऱ्यावर कामाचा भार, बॅटरीत विजेचा भार. सगळीकडे चित्र एकच आहे: कोणीतरी कशावर तरी काहीतरी ठेवतो. धावून जाण्याचा अर्थ तेवढा थोडा लांबून आला आहे, त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

२. मराठीत ‘चार्ज’ला एक नेमका प्रतिशब्द का नाही?

एक शब्द नाही, पण मराठीने जवळजवळ प्रत्येक अर्थासाठी ओझ्याचेच चित्र वापरले आहे. कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार, विद्युतभार, जमिनीच्या उताऱ्यावरचा बोजा हे सगळे शब्द पाहा. ‘आरोप’सुद्धा त्यातलाच आहे. संस्कृत ‘रुह्’ म्हणजे चढणे, उगवणे, त्यामुळे ‘आरोप’ म्हणजे वर चढवणे. वृक्षारोपण आणि ध्वजारोहण याच धातूचे. म्हणून तर आपण आरोप ‘ठेवतो’ किंवा ‘लादतो’.

भाषांतर करताना संदर्भानुसार असे शब्द चालतात:

- पैसे: आकार, शुल्क, आकारणी (वीजबिलावरचा ‘स्थिर आकार’ म्हणजे ‘फिक्स्ड चार्ज’)
- जादा पैसे, ‘सरचार्ज’: अधिभार
- न्यायालय: आरोप, दोषारोप
- कचेरी: कार्यभार, पदभार
- विज्ञान: प्रभार, विद्युतभार
- मालमत्ता: बोजा
- हल्ला: चढाई, चाल करून जाणे, अंगावर धावून येणे

यापैकी ‘आकार’ हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आहे आणि बिलांवरच उरला आहे. ‘डिलिव्हरी चार्ज’ला ‘पोहोच आकार’ म्हटले तर ऐकणारा क्षणभर थांबेल. लिहिताना ‘पोहोचवण्याचे शुल्क’ म्हणावे, बोलताना ‘डिलिव्हरी चार्ज’ खुशाल म्हणावे.

३. उच्चार कसा करावा? ‘चार्जेस’ आणि ‘चार्ज्ड’ यांत काय सांभाळायचे?

मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, म्हणून ही अडचण येते. इंग्रजी शब्दातला ‘च’ हा ‘चार’ या संख्येतला आहे, गुरांच्या ‘चारा’मधला नाही. तसेच ‘ज’ हा ‘जय’मधला, ‘जाड’मधला नव्हे. हे दोन धरले की निम्मे काम झाले.

‘चार्जेस’मध्ये उच्चाराचा एक तुकडा वाढतो, शेवटचा स्वर मात्र ऱ्हस्व ‘इ’कडे झुकतो: ‘चार्जिझ’च्या जवळ. उलट ‘चार्ज्ड’ एकाच झटक्यात उच्चारायचा, ‘चार्जेड’ असे दोन तुकडे होत नाहीत. ब्रिटिश उच्चारात मधला ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही आणि ‘आ’ लांबतो, अमेरिकन उच्चारात ‘र’ स्पष्ट असतो. दोन्ही बरोबर आहेत.

४. प्राइस, कॉस्ट, फी, फेअर, रेट, टोल, फाइन आणि चार्ज यांत फरक काय? सगळे पैसेच ना?

पैसेच, पण कशाचे आणि कोणाच्या बाजूने बोलतोय यावर शब्द ठरतो.

‘प्राइस’ ही वस्तूची किंमत, विकणाऱ्याने ठरवलेली. ‘कॉस्ट’ म्हणजे घेणाऱ्याला किंवा बनवणाऱ्याला पडणारा खर्च. म्हणून कारखानदाराची ‘कॉस्ट’ आणि ग्राहकाची ‘प्राइस’ यांच्यातला फरक हा नफा. ‘चार्ज’ हा सेवेसाठी किंवा वापरासाठी मागितलेला आकार असतो: जोडणीचा, पोहोचवण्याचा, दुरुस्तीचा. पुस्तकाला ‘प्राइस’ असते, ते घरी पोहोचवण्याला ‘चार्ज’. ‘द चार्ज ऑफ धिस बुक’ हे म्हणूनच चूक आहे.

‘फी’ डॉक्टर, वकील, शिक्षणसंस्था, परीक्षा, सदस्यत्व यांच्यासाठी. ‘चार्ज’ आणि ‘फी’ यांची सीमा मात्र पक्की नाही. एकच रक्कम एक बँक ‘फी’ म्हणते आणि दुसरी ‘चार्ज’, त्यामुळे तिथे फार काथ्याकूट करू नये. ‘फेअर’ म्हणजे प्रवाशाचे भाडे. मालाच्या वाहतुकीला ‘फ्रेट’, आणि घर किंवा दुकान वापरण्याच्या भाड्याला ‘रेंट’. मराठीत तिन्हीला ‘भाडे’च म्हणतात, म्हणून ‘बसचे रेंट’ अशी चूक होते. ‘टोल’ रस्ता किंवा पूल वापरण्याचा. ‘रेट’ म्हणजे दर, तो नेहमी कशाच्या तरी प्रमाणात असतो: तासाला, युनिटला, किलोला. ‘फाइन’ म्हणजे दंड, त्यात चूक गृहीत धरलेली असते. उशिरा पैसे भरल्याबद्दल कंपनी लावते तो ‘लेट चार्ज’ किंवा ‘लेट फी’. त्याला ‘फाइन’ म्हटले की नियमभंगाची छटा येते.

५. ‘दे चार्ज्ड फाइव्ह हंड्रेड फ्रॉम मी’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही, आणि ही चूक अगदी सुशिक्षित लेखनातही सापडते. ‘माझ्याकडून पाचशे घेतले’ या मराठी वाक्यातला ‘कडून’ इंग्रजीत ‘फ्रॉम’ होऊन येतो. ‘चार्ज’ला त्याची गरज नाही, कारण ज्याच्यावर भार पडला तो थेट कर्म होतो. रचना अशी: चार्ज, मग माणूस, मग रक्कम, मग ‘फॉर’ आणि कारण.

‘दे चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड फॉर द रिपेअर.’

माणूस किंवा रक्कम यांपैकी एक गाळता येते: ‘दे चार्ज्ड मी फॉर द रिपेअर’, ‘दे चार्ज्ड फाइव्ह हंड्रेड’. ‘फ्रॉम’ हवाच असेल तर क्रियापद बदला: ‘दे टुक फाइव्ह हंड्रेड फ्रॉम मी’. यात थोडी बळजबरीची छटा येते, हे लक्षात असू द्या.

‘टू’ वेगळ्या कामासाठी आहे. रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची ते ‘टू’ सांगते: ‘चार्ज इट टू माय रूम’ म्हणजे आत्ता पैसे देत नाही, खोलीच्या बिलात धरा.

६. ‘चार्ज’ म्हणावे की ‘चार्जेस’? आणि ‘फ्री ऑफ चार्ज’ की ‘फ्री ऑफ चार्जेस’?

एका कामाचा एक आकार असेल तर एकवचन: ‘देअर इज अ स्मॉल चार्ज फॉर डिलिव्हरी’. बँकेच्या पत्रकात वेगवेगळ्या सेवांचे आकार एकत्र असतात, म्हणून तिथे ‘बँक चार्जेस’. मराठी बोलण्यात आपण सरसकट ‘चार्जेस किती?’ विचारतो. इंग्रजीत माणसाला विचारताना ‘हाऊ मच डू यू चार्ज?’ हे जास्त स्वाभाविक.

मोफत या अर्थाने नेहमी ‘फ्री ऑफ चार्ज’, एकवचनी. ‘ॲट नो एक्स्ट्रा चार्ज’ हेही तसेच. अनेकवचन केले की वाचकाचे लक्ष आरोपांकडे जाते, कारण ‘क्लिअर्ड ऑफ ऑल चार्जेस’ म्हणजे सर्व आरोपांतून मुक्त. ‘फ्री ऑफ कॉस्ट’ भारतीय इंग्रजीत रुळले आहे आणि समजतेही. औपचारिक पत्रात ‘फ्री ऑफ चार्ज’ वापरा, नाहीतर नुसते ‘फ्री’ पुरते.

७. अक्यूज, चार्ज, अलेज, ब्लेम, इंडाइट: ‘आरोप करणे’साठी कोणता शब्द घ्यायचा?

इथे मराठीच वाट दाखवते. ‘आरोप करणे’ आणि ‘आरोप ठेवणे’ हे आपल्याकडे एकच नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर आरोप *केला*, हे ‘अक्यूज’. अधिकार असलेल्या यंत्रणेने रीतसर आरोप *ठेवला*, हे ‘चार्ज’. ‘अक्यूज’ कोणीही कोणालाही करू शकतो, खोटे बोलण्यापासून चोरीपर्यंत कशाबद्दलही. ‘चार्ज’च्या मागे कागद असतो.

‘अलेज’ म्हणजे पुरावा पुढे यायच्या आधीचा दावा. त्याचे कर्म माणूस होत नाही. ‘दे अलेज्ड हिम’ चूक, ‘दे अलेज्ड दॅट ही टुक द मनी’ बरोबर. बातमीदार ‘अलेजेडली’ वापरतात तो याच सावधगिरीसाठी, मराठीतल्या ‘कथित’सारखा.

‘ब्लेम’ला गुन्हा लागत नाही, फक्त वाईट परिणाम लागतो. उशिरासाठी पावसाला ‘ब्लेम’ करता येते, ‘अक्यूज’ करता येत नाही. ‘इंडाइट’ हा कायद्याचा शब्द आहे, गंभीर गुन्ह्याचे औपचारिक दोषारोप ठेवणे. अमेरिकेत ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे आरोप ठेवण्याइतका आधार आहे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, संदर्भात तो रोज वाचायला मिळतो. त्याच्या स्पेलिंगमधला ‘सी’ उच्चारायचा नाही.

एक अपवाद. राजकीय बातम्यांत ‘चार्ज’च्या पुढे ‘दॅट’ आले, उदाहरणार्थ ‘द अपोझिशन चार्ज्ड दॅट...’, तर तिथे कागदपत्र काही नसते. विरोधकांनी जाहीर आरोप *केला*, एवढाच अर्थ. असे वाक्य मराठीत आणताना ‘आरोप ठेवला’ लिहू नका.

८. ‘चार्ज्ड फॉर मर्डर’ की ‘चार्ज्ड विथ मर्डर’?

‘विथ’. पुढे ‘फॉर’ घातले की वाक्य पैशांकडे वळते (प्रश्न ५). ‘चार्ज्ड फॉर’चा पहिला अर्थ ‘त्याबद्दल पैसे आकारले’ असाच लागतो.

प्रत्येक क्रियापदाचे शब्दयोगी ठरलेले आहे आणि ते तर्काने काढता येत नाही, एकत्र तोंडपाठ करावे लागते: चार्ज्ड *विथ*, अक्यूज्ड *ऑफ*, कन्व्हिक्टेड *ऑफ*, अरेस्टेड *फॉर* (किंवा *ऑन सस्पिशन ऑफ*), ब्लेम्ड *फॉर*, सेंटेन्स्ड *टू*, ॲक्विटेड *ऑफ*. मराठीत या बहुतेकांना ‘प्रकरणी’ किंवा ‘बद्दल’ चालून जाते, म्हणून भाषांतरात ‘फॉर’चा सुळसुळाट होतो.

नाम असेल तर रचना बदलते: ‘अ चार्ज *ऑफ* मर्डर’, ‘अरेस्टेड *ऑन* अ चार्ज ऑफ थेफ्ट’, ‘द चार्जेस *अगेन्स्ट* हिम’.

९. गुन्हा दाखल होणे, चार्जशीट आणि ‘चार्जेस फ्रेम होणे’ एकच का?

तीन वेगळे टप्पे आहेत आणि भाषांतरात त्यांची सरमिसळ झाली की बातमी चुकते.

भारतात आधी गुन्हा दाखल होतो. इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला ‘बुक्ड’ म्हणतात. या टप्प्याला ‘चार्ज्ड’ लिहिणे चूक. तपास संपला की पोलीस न्यायालयात अहवाल देतात, त्यालाच आपण चार्जशीट, आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतो. गंमत म्हणजे ज्या कलमाखाली ते सादर होते, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३, आधीच्या संहितेत १७३, त्यात शब्द आहे तो पोलीस अधिकाऱ्याचा ‘रिपोर्ट’. तिसरा टप्पा न्यायालयाचा: कागद पाहून न्यायाधीश आरोप निश्चित करतात, हे ‘फ्रेमिंग ऑफ चार्जेस’. खटला त्यानंतर चालतो. दोषी ठरणे अजून पुष्कळ लांब आहे.

‘ही वॉज चार्जशीटेड’ हे क्रियापद भारतीय उपखंडाबाहेर सहसा भेटत नाही. आणि उलट बाजूने, ब्रिटनमधल्या बातमीत ‘चार्ज्ड विथ मर्डर’ आले तर ‘दोषारोपपत्र दाखल’ असे लिहू नका. तिथे हा टप्पा अटकेनंतर थोड्याच काळात येऊ शकतो. ‘खुनाचा आरोप ठेवण्यात आला’ एवढेच लिहावे.

१०. ‘इम्पीच’ म्हणजे पदावरून काढणे का?

नाही. ‘इम्पीच’ हा ‘चार्ज’चाच उच्चपदस्थांसाठीचा समानार्थी शब्द आहे. अमेरिकेत प्रतिनिधीगृह ‘इम्पीच’ करते, म्हणजे आरोप ठेवते, आणि सिनेट सुनावणी घेऊन निकाल देते. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ आणि २०२१) हे ‘इम्पीच’ झालेले राष्ट्राध्यक्ष आहेत. सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवरील महाभियोगाची पद्धत सांगताना नेमका ‘चार्ज’ हाच शब्द वापरला आहे: संसदेचे एक सभागृह दोषारोप ठेवते, दुसरे त्याची चौकशी करते.

११. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फक्त ‘द’चाच फरक आहे ना?

त्या ‘द’मुळे अर्थ उलटा होतो. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलांची जबाबदारी नर्सकडे. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच, पण कर्त्याची जागा मुलांनी घेतली. ‘द’ नसेल तर कर्ता सांभाळणारा, ‘द’ असेल तर कर्ता सांभाळला जाणारा. गोंधळ नको असेल तर दुसऱ्या ठिकाणी ‘इन द केअर ऑफ’ लिहावे.

‘इनचार्ज’ असा जोडशब्द नाम म्हणून (‘ही इज द इनचार्ज’) भारतीय कचेऱ्यांत सर्रास चालतो, हुद्द्याच्या पाटीवरही असतो. देशाबाहेरच्या वाचकासाठी ‘द पर्सन इन चार्ज’, ‘हेड’ किंवा ‘सुपरवायझर’ लिहा. ‘चार्ज नर्स’ हा मात्र सगळीकडचा शब्द आहे: त्या पाळीत वॉर्डाची जबाबदारी असलेली परिचारिका.

पदाचा चार्ज घेणे ‘टेक चार्ज’ किंवा सरकारी भाषेत ‘अझ्यूम चार्ज’, सोपवणे ‘हँड ओव्हर चार्ज’. ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे कचेरीत अतिरिक्त कार्यभार आणि बिलावर जादा आकार. शेजारचे शब्द पाहूनच ठरवावे लागते. ‘टेक चार्ज’ला पद लागतेच असे नाही. अपघातस्थळी एखादी बाई पुढे होऊन लोकांना कामाला लावते, तिनेही ‘टुक चार्ज’. मराठीत इथे ‘सूत्रे हाती घेतली’ छान बसते.

१२. ‘द टीचर अँड हर चार्जेस’ असे वाचले. शिक्षिकेवर आरोप होते का?

नाही. इथे ‘चार्जेस’ म्हणजे तिच्यावर सोपवलेली मुले. माणूस हाच भार, या अर्थाने. दाईच्या हवाली असलेली बालके, प्रशिक्षकाचे खेळाडू, मार्गदर्शकाबरोबरचे पर्यटक, सगळे ‘चार्जेस’ होऊ शकतात. खूण सोपी आहे: आधी ‘हर’, ‘हिज’ असे षष्ठीचे रूप आणि तो माणूस कुणाला तरी सांभाळणारा. आरोपांच्या बाबतीत सहसा ‘अगेन्स्ट’ येते. मराठीत ‘तिच्या हाताखालची मुले’ किंवा ‘तिच्यावर सोपवलेली मुले’ म्हणावे.

१३. हल्ला या अर्थी ‘चार्ज’ आणि ‘अटॅक’ एकच का? ‘लाठीचार्ज’ इंग्रजी आहे का?

‘अटॅक’ कसाही असू शकतो: लपून, लांबून, शब्दांनीसुद्धा. ‘चार्ज’ला वेग आणि सरळ रेषा लागते. समोरून, धावत, अंगावर. हा अर्थ शस्त्र भरून सज्ज करण्याच्या अर्थातून आला असावा असे मानतात, कारण बंदुकीत दारू भरणे हेही ‘चार्ज’च. ‘रेड’ म्हणजे छापा, अचानक येऊन निघून जाणे. ‘असॉल्ट’मध्ये जोर आणि इजा महत्त्वाची, शिवाय तो कायद्यातला गुन्हाही आहे.

घोडदळाचे हल्ले ‘चार्ज’ म्हणूनच ओळखले जातात. क्रायमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश लाइट ब्रिगेड तोफांच्या तोंडी गेली, तो इतिहासातला सर्वांत परिचित ‘चार्ज’. हत्ती, गेंडा, बैल ‘चार्ज’ करतात. साप ‘स्ट्राइक’ करतो, तो धावून येत नाही. हत्ती नुसता घाबरवायला धावत येऊन थांबला तर तो ‘मॉक चार्ज’.

‘लाठीचार्ज’ हा भारतीय इंग्रजीतला शब्द, बाहेर ‘बॅटन चार्ज’ म्हणतात. मराठीत ‘लाठीमार’ आधीपासून आहे आणि तो वापरावा.

खेळांत हाच शब्द नियम होऊन बसला आहे. बास्केटबॉलमध्ये जागा घेऊन उभ्या असलेल्या बचावपटूवर चेंडूवाला खेळाडू आदळला तर ‘चार्जिंग’चा फाउल. फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा लावून दिलेला ‘चार्ज’ चालतो, पण तो बेफिकीर किंवा जादा जोराचा असला तर थेट फ्री किक.

१४. ‘माय चार्जिंग इज ओव्हर’ हे इंग्रजीत का खटकते?

कारण इंग्रजीत ‘चार्जिंग’ ही भरण्याची क्रिया आहे, साठा नव्हे. ‘चार्जिंग इज ओव्हर’ याचा अर्थ भरून झाले, म्हणजे तुम्हाला म्हणायचे त्याच्या बरोबर उलट! मराठीत ‘चार्जिंग संपलं’ अगदी रुळलेले आहे, त्याला हात लावायची गरज नाही. इंग्रजीत मात्र ‘माय फोन इज डेड’, ‘माय बॅटरी हॅज रन आउट’, थोडेच उरले असेल तर ‘आय ॲम लो ऑन बॅटरी’.

साठ्यासाठी ‘चार्ज’ नाम चालते: ‘इट हॅज फॉर्टी पर्सेंट चार्ज लेफ्ट’, ‘द बॅटरी डझन्ट होल्ड अ चार्ज’ (भरते, पण टिकत नाही). फोन चार्जिंगला लावणे म्हणजे ‘पुट द फोन ऑन चार्ज’. अमेरिकेत ‘प्लग इट इन’ जास्त ऐकू येते. ‘रिचार्ज’ भारतात मोबाइलमध्ये पैसे भरण्यासाठीही वापरतात, ब्रिटनमध्ये त्याला ‘टॉप अप’ म्हणतात.

१५. चार्ज केलेल्या बॅटरीत जास्त विद्युतप्रभार असतो का?

भाषेमुळे तसे वाटते, पण नसतो. पूर्ण भरलेली बॅटरी आणि रिकामी बॅटरी दोन्ही एकंदरीत उदासीन असतात, धन आणि ऋण प्रभार समसमान. चार्जिंगमध्ये इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून एका अग्राकडून दुसऱ्याकडे ढकलले जातात आणि आत रासायनिक बदल घडतो. साठते ती ऊर्जा.

प्रभाराचे एकक कूलॉम. एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात, इतके कूलॉम. धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात रूढ केली. बॅटरीवर लिहिलेले मिलिअँपिअर-तास हे तिच्यातून वाहू शकणाऱ्या प्रभाराचे माप आहे: ५,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर गुणिले ३,६०० सेकंद, १८,००० कूलॉम. ऊर्जा हवी असेल तर व्होल्टेजने गुणावे लागते. बॅटरी ३.७ व्होल्टची असेल तर १८.५ वॉट-तास.

लेखनात ‘भारित कण’ किंवा ‘प्रभारित कण’ हे विजेच्या अर्थाने बरोबर. ‘बॅटरी भारित केली’ मात्र लिहू नका, ‘चार्ज केली’ हेच लिहा.

१६. ‘डिस्चार्ज’ रुग्णालयात, कारखान्यात आणि न्यायालयात, एकच शब्द कसा?

‘डिस’ म्हणजे उलट, म्हणून ‘डिस्चार्ज’ म्हणजे भार उतरवणे. रुग्ण घरी जातो, बॅटरी उतरते, बंदूक सुटते, कारखाना सांडपाणी सोडतो, जखमेतून स्राव येतो, सैनिक सेवामुक्त होतो, कर्ज फिटते. ‘डिस्चार्ज युवर ड्यूटीज’ इथे मात्र फसायला होते: कर्तव्य टाकून देणे असा अर्थ नाही, पार पाडणे असा आहे. ओझे मुक्कामी पोहोचवूनच उतरवले, असे समजा.

न्यायालयात ‘डिस्चार्ज’ आणि ‘ॲक्विटल’ वेगळे. आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून सोडले तर ‘डिस्चार्ज’, मराठीत दोषमुक्ती. खटला चालून गुन्हा सिद्ध झाला नाही तर ‘ॲक्विटल’, निर्दोष मुक्तता.

१७. ‘चार्ज ऑन प्रॉपर्टी’ आणि अर्थसंकल्पातला ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ म्हणजे काय?

दोन्हीकडे ‘ऑन’ आहे आणि दोन्हीकडे ओझे कशावर आहे ते सांगितले आहे.

मालमत्तेवरचा ‘चार्ज’ म्हणजे तिच्यातून पैसे वसूल करण्याचा हक्क. सातबारावर ‘बोजा चढवला’ म्हणतात, तो मराठी शब्द मूळ अर्थाच्या इतका जवळ आहे की दुसरा शोधू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये ‘मॉर्गेज’ची व्याख्या कलम ५८ मध्ये आणि ‘चार्ज’ची कलम १०० मध्ये आहे. गहाणात मालमत्तेतला काही हितसंबंध दुसऱ्याकडे जातो, ‘चार्ज’मध्ये जात नाही. म्हणून दोन्हींना ‘गहाण’ लिहू नये.

‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ला मराठी अर्थसंकल्पात ‘भारित खर्च’ म्हणतात. राष्ट्रपती आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांचे वेतन असा खर्च भारताच्या संचित निधीवर ‘चार्ज्ड’ असतो. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. ज्यावर मतदान होते तो ‘व्होटेड’, मराठीत ‘दत्तमत’. इथे ‘आकारलेला खर्च’ असे भाषांतर केले तर वाक्याला अर्थच उरत नाही.

१८. ‘अ चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ म्हणजे ‘भारलेले वातावरण’ का?

शब्दाला शब्द जुळतो, छटा जुळत नाही. आपले ‘भारलेले’ मंत्राने भारलेल्या पाण्यासारखे आहे, त्यात मोहिनी आहे. मैफलीतले वातावरण भारलेले असते. इंग्रजी ‘चार्ज्ड’मध्ये ताण असतो, ठिणगी पडेल की काय अशी स्थिती. तिथे ‘तापलेले’ किंवा ‘तणावाचे’ म्हणावे. ‘इमोशनली चार्ज्ड’ला ‘भावनांनी ओथंबलेले’ कधी चालते, पण वाद चालू असेल तर ‘भावना तीव्र झालेल्या’ हेच नेमके.

१९. ‘डेप्थ चार्ज’, ‘चार्ज कार्ड’ आणि ‘शार्जे दाफेर’ हे कुठे बसवायचे?

‘डेप्थ चार्ज’ हा पाणबुडीविरुद्ध वापरायचा, ठरावीक खोलीवर फुटणारा बॉम्ब. स्फोटकाची भरलेली मात्रा म्हणजे ‘चार्ज’. एसीमध्ये भरलेला वायू आणि इंजिनाच्या सिलिंडरमधले हवा-इंधनाचे मिश्रण यांनाही तंत्रज्ञ ‘चार्ज’च म्हणतात. ‘सुपरचार्जर’ सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, म्हणून त्याचे ते नाव.

‘चार्ज कार्ड’ क्रेडिट कार्डासारखे दिसते, पण त्यावरची रक्कम दर बिलाला पूर्ण फेडावी लागते, थोडी भरून उरलेली पुढे ढकलता येत नाही.

‘शार्जे दाफेर’ फ्रेंचमधून जसाच्या तसा आला आहे, म्हणून उच्चारात ‘च’ नाही. शब्दशः अर्थ ‘कामकाजाचा भार दिलेला’. राजदूत नसताना दूतावास सांभाळणारा अधिकारी. मराठी बातम्यांत त्याला ‘प्रभारी राजदूत’ म्हणतात. अनेकवचन करताना ‘एस’ पहिल्या शब्दाला लागतो, शेवटच्या शब्दात काही बदल होत नाही.